अंगठीतला प्राणी

माळेगाव बुद्रुकहून समुद्र पाहायला निघालात, तर सह्याद्री ओलांडून दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागेल. नीरा डावा कालवा, काळी माती, ऊस आणि साखर कारखाना यांच्या परिसरात वाढणाऱ्या मुलामुलींना प्रवाळ म्हटले की पुस्तकातील चित्रच आठवणार. पण तुमच्या किंवा शेजारच्या घरात एक प्रवाळ बहुधा आहेच! मंगळाचा खडा म्हणून अंगठीत बसवलेले किंवा मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर ओवलेले लाल पोवळे जरा निरखून पाहा. हिरा, माणिक, पाचू ही खनिजे आहेत. पोवळे मात्र एका समुद्री प्राण्याचा सांगाडा आहे, आणि तो प्राणी आपल्या किनाऱ्यावरचा नाही. अस्सल लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. भारतीयांना त्याचे किती अप्रूप आहे, हे रोमन लेखक प्लिनी याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

हा सांगाडा फार सावकाश वाढतो. फांदीची जाडी वर्षाला जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर वाढते. म्हणजे आठ मिलिमीटर जाडीच्या मण्यामागे पंचवीस-तीस वर्षे खर्ची पडलेली असतात. आडसाली उसालाही दीड वर्ष पुरते! म्हणूनच 'हे पोवळे नेमके कोणत्या जातीचे?' हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. त्याच्या उत्तरावर गिऱ्हाइकाचे पैसे, कायद्याची अंमलबजावणी आणि त्या प्राण्याचे भवितव्य ही तिन्ही अवलंबून असतात.

मुळात हा प्राणी आहे हेच माणसाला फार उशिरा समजले. १७०६ च्या सुमारास मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर पांढरी, आठ पाकळ्यांची 'फुले' उमलली. झाले! पोवळे ही वनस्पती ठरली. पुढे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच 'फुले' पाहिली आणि ती पाकळ्या हलवतात, स्पर्श होताच आत ओढून घेतात, हे ध्यानात घेऊन त्यांना प्राणी म्हटले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे १७२७ मध्ये ही कल्पना मांडताना रेओम्यूर या नामांकित शास्त्रज्ञाने पेसोनेलचे नावच घेतले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून! गंमत अशी की मार्सिलीचा निष्कर्ष चुकला असला, तरी त्याची मोजणी अचूक होती. पाकळ्या आठच होत्या.

या आठ आकड्याचे महत्त्व मोठे आहे. त्या 'पाकळ्या' म्हणजे पॉलिप या चिमुकल्या प्राण्याचे संस्पर्शक, म्हणजे भक्ष्य पकडण्याचे हात. प्रत्येक हाताच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक फाटे असतात. आठ आणि पिसासारखे हात दिसले की तो अष्टभुज प्रवाळांच्या गटातला, असे खुशाल समजावे. मऊ, मांसल मृदू प्रवाळ, जाळीदार सागरपंखे आणि आपले पोवळे हे सारे या गटात मोडतात. प्रवाळभित्ती बांधणारी बहुतेक खडकाळ प्रवाळे आणि समुद्रफुले यांचे हात मात्र सहा किंवा सहाच्या पटीत असतात.

गट ओळखला, पण जात कशी ओळखायची? येथे रंग आणि आकार दगा देतात. एकाच जातीची वसाहत शांत पाण्यात पसरट, तर प्रवाहात आखूड आणि जाड होऊ शकते. निरनिराळ्या जाती एकसारख्या रंगाच्या असू शकतात. मृदू प्रवाळ तर बाटलीत भरले की आक्रसते आणि रंगही सोडते. मग तज्ज्ञ पाहतात ते त्यांच्या मांसात विखुरलेले चुन्याचे सूक्ष्म कण. त्यांना कंटिका म्हणतात.

कारखान्यातील साखरेचे दाणे भिंगाखाली पाहिलेत, तर लहानमोठे असले तरी त्यांची घडण एकच असते, कारण ते स्फटिक आहेत. कंटिकांचे तसे नाही. कुठे टोकदार चाती, कुठे खडबडीत दंडुके, कुठे गाठी-गाठींची गदा, तर कुठे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आकार! प्रत्येक जातीत त्यांचे ठरावीक प्रकार, मापे आणि जागा असतात. वसाहतीच्या टोकाच्या कंटिका वेगळ्या आणि बुडाच्या वेगळ्या असू शकतात, म्हणून नमुना दोन-तीन ठिकाणांहून घ्यावा लागतो. लाल पोवळ्याच्या जिवंत सालीतील कंटिका एक दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान आणि गाठाळ असतात.

कंटिका मिळवण्याची रीत सोपी आहे. मांसाचा कण कपडे शुभ्र करण्याच्या द्रावणात, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये टाकतात. मांस विरघळते आणि तळाशी पांढरी भुकटी उरते. ती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. आम्ल मात्र चालत नाही, कारण चुन्याच्या कंटिकाच त्यात विरघळून जातात. फॉर्मॅलिनही कालांतराने आम्लधर्मी होते. म्हणून अशा नमुन्यांना अल्कोहोल बरे. नमुना सुरेख दिसतो आहे, पण त्याची ओळखच विरघळून गेली आहे, अशी बाटली संग्रहालयात काय कामाची?

लाल पोवळ्याचे शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम असे आहे. शास्त्रीय ग्रंथात नावापुढे कंसात 'लिनीयस, १७५८' असे लिहिलेले आढळेल. हा कंस उगीच नसतो. लिनीयसने या जातीला नाव दिले तेव्हा तिला मॅड्रेपोरा या दुसऱ्याच प्रजातीत घातले होते. पुढे तिचे घर बदलले, याची ती खूण आहे. घरे अजूनही बदलत आहेत. २०२२ मध्ये डीएनएच्या आधारे अष्टभुज प्रवाळांची नवी मांडणी प्रसिद्ध झाली. 'मृदू प्रवाळ' आणि 'सागरपंखे' ही नावे सोयीची असली, तरी ती एकेका घराण्याची नावे नव्हेत, असे तीतून दिसले. पोवळे हे पिसासारख्या सागरलेखणीचे जवळचे नातलग निघाले. बहुतेक मृदू प्रवाळे त्याला दूरची.

आता अंगठीकडे वळू. येथे हात नाहीत, साल नाही, कंटिका नाहीत. उरला आहे तो घासूनपुसून चकचकीत केलेला गाभा. काच आणि प्लॅस्टिक ओळखणे सोपे, कारण त्यांच्यावर आम्लाचा थेंब फसफसत नाही. (हा प्रयोग घरच्या दागिन्यावर करू नका, चकाकी कायमची जाईल.) पण लाल रंगवलेले 'बांबू प्रवाळ' हेही चुन्याचेच असल्याने फसफसते. अशा वेळी भिंग घ्यावे. अस्सल पोवळ्यावर लांबीच्या दिशेने अतिशय बारीक, समांतर रेषा दिसतात. बांबू प्रवाळाच्या रेषा ठसठशीत आणि दूर दूर असतात.

प्रशांत महासागरातील मौल्यवान प्रवाळे वेगळी काढणे याहून अवघड. त्यांपैकी चार जाती चीनने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातल्या. त्यांना सीमा ओलांडायला कागदपत्रे लागतात, भूमध्य समुद्रातील जातीला लागत नाहीत. मग व्यापारी कोणते नाव सांगेल? यावर उपाय म्हणून २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मण्याचा किंचित भुगा घेऊन, त्यातील डीएनएवरून जात ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

असाच नावाचा घोळ आपल्याकडे जत्रेत आणि पूजासाहित्याच्या दुकानांत दिसतो. काळ्या, जाळीदार फांद्या काचेच्या चौकटीत बसवून 'इंद्रजाल नावाची दुर्मीळ वनस्पती' म्हणून विकल्या जातात. ती वनस्पती नसून सागरपंखा किंवा काळे प्रवाळ असते. हे दोन्ही गट २००१ मध्ये आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले, आणि त्यांची विक्री हा गुन्हा आहे. दोघांतला फरक वाळल्यावरही कळतो. काळे प्रवाळ सहा हातांच्या बाजूचे. त्याच्या फांदीवर भिंगाखाली बारीक काटे दिसतात, आणि त्याच्या अंगात कंटिका नसतात. सागरपंख्याची फांदी बिनकाट्याची असते. तिच्यावर वाळकी साल चिकटून राहिली असेल, तर ती चिमूटभर घेऊन द्रावणात टाकावी. थोड्या वेळाने तळाशी पांढरी भुकटी बसते.