युद्धकथेतील सोबती

युद्धकथा म्हटली की आपणांस तलवारीच आठवतात. परंतु विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीत आमचे मन गुंतते ते भाऊसाहेब व इब्राहिमखान गारदी यांच्या सोबतीत. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान स्वधर्मीय अब्दालीविरुद्ध अखेरपर्यंत लढला, पकडला जाऊन मारला गेला. मात्र अशा कथांत मैत्री बहुधा सरदारांची! साध्या शिपायांत कोण कोणाच्या हातचे पाणी पीत असे, हे फारसे येत नाही. आम्हांस तीच खरी कसोटी वाटते. १८१८ च्या भीमा-कोरेगाव लढाईच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची महार शिपायांची नावे इतर जातिधर्मांच्या सोबत्यांबरोबर कोरलेली आहेत. त्यांच्या छावणीतील एका रात्रीची कथा यवतमाळच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहावी.