दारू सोडवायची, पण ॲडमिट न करता

बचत गटाचा हिशोब संपला की एखादी बाई मागं थांबते. हळूच म्हणते, "ताई, आमच्या मालकांची दारू सोडवायचीय. पुण्याला न्यायची ऐपत नाही, अन् महिनाभर तिथं ठेवलं तर घर कसं चालायचं?"

पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. त्यामुळं व्यसनमुक्ती म्हणजे घर सोडून राहणंच, असा आपला समज झाला. पण पुष्कळ जणांचा उपचार ओपीडीत होतो. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या घेऊन घरी यायचं, सांगितलेल्या तारखेला परत जायचं.

आपल्याकडं बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. खिडकीवर 'मानसोपचार' म्हणून सांगा. वेड्याचा डॉक्टर म्हणून लाजू नका, दारूचा आजार तेच बघतात. आष्टी-पाटोद्याहून एसटीचं भाडं खर्चून जायचं, तर डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या. १४४४६ ही सरकारची फुकट व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. नवऱ्याला न सांगताही तुम्ही फोन करू शकता.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. सकाळी उठल्याबरोबर ज्याला प्यावीच लागते, नाहीतर हात थरथरतात, त्याची दारू शपथ घालून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भलतंच बडबडतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, अन् देवऋषाकडं नेतात. तिथं वेळ गेला तर माणूस हातचा जातो. लगेच १०८ ला फोन करा. पूर्वी अशी फिट आलेली असेल तर ओपीडीत ते पहिल्यांदा सांगा. अशा माणसाला काही दिवस ॲडमिट करावंच लागतं.

दुसरं, चहात गुपचूप पावडर टाकू नका. ती बाजारातून आणणाऱ्या बाया मला माहीत आहेत, त्यांचा जीव किती मेटाकुटीला आलेला असतो तेही. पण त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते डॉक्टरही देतात, मात्र रोग्याला सांगून. नकळत दिलं अन् वर तो प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. मरणही येऊ शकतं.

तो येतच नसेल तर? प्यायलेला असताना विषय काढू नका, सकाळी काढा. "झोप लागत नाही, जेवण जात नाही, तेवढं दाखवू" म्हणा. तरी नाही म्हणाला तर तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्या. मारहाण होत असेल तर ११२ लावा, त्यासाठी त्याची दारू सुटायची वाट बघू नका.

अन् दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघणार असेल, तर उपचार त्याच्या पुरेसा आधी सुरू करा. निघताना डॉक्टरांना सांगा, गोळ्या किती दिवसांच्या नेऊ ते विचारा. केसपेपर बैलगाडीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, तिकडच्या सरकारी दवाखान्यात तोच दाखवायचा. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून मनानं घेऊ नका, त्यांचीही सवय लागते. त्या तुमच्याच हातात ठेवा अन् रोजची तेवढीच द्या.