चिमणी घ्यायची? आधी टेप हातात घ्या

आमच्या मुदखेडात ‘चिमणी’ म्हटलं की आजीला रॉकेलची चिमणी आठवायची आणि लेकरांना अंगणात दाणे टिपणारी. आता हा शब्द ओट्यावरच्या धूर ओढणाऱ्या यंत्राला चिकटला आहे. जुन्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर साणं ठेवलेलं असायचं. तिथून धूर वर जायचा आणि उजेड खाली यायचा. स्लॅब पडला तसं साणं गेलं, फोडणीचा ठसका मात्र राहिला. घर बांधताना ग्रॅनाइटचा रंग ठरवायला नांदेडच्या चार फेऱ्या होतात. धूर कुठून जाणार, हा प्रश्न मात्र सगळं झाल्यावर चिमणीच्या दुकानात उभा राहतो. तिथं खोक्यावरचा एक मोठा आकडा दाखवला जातो आणि गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

‘आकडा जितका मोठा, तितकी चिमणी चांगली’ हा त्यातला सगळ्यात महाग गैरसमज. तासाला १२००, १५०० घनमीटर हवा ओढते म्हणे. आपल्याला किती लागते ते घरीच काढता येतं. स्वयंपाकघर १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि १० फूट उंच असेल तर आत ८०० घनफूट, म्हणजे साधारण २३ घनमीटर हवा असते. आपल्याकडे फोडणी, तळण, ठेचा सगळं चालतं, म्हणून ही हवा तासाला १० ते १५ वेळा बदलावी असा सर्वसाधारण हिशेब धरतात. पंधरा वेळा धरली तरी आकडा येतो ३४० च्या आसपास. दुसरा हिशेब चिमणीच्या रुंदीवरून करतात. भिंतीला लावलेल्या चिमणीला दर फूट रुंदीमागे मिनिटाला १०० घनफूट हवा ओढता यावी, अशी अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटची शिफारस आहे. दोन फुटी चिमणीला ते तासाला ३४० घनमीटर होतात. दोन्ही वाटांनी गेलं तरी आपण एकाच ठिकाणी पोचतो.

मग जास्त का घ्यायची? कारण खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइपची लांबी, वळणं आणि जाळीवर बसलेलं तेल यांत बराच जोर खर्च होतो. तेवढा तोटा धरून दुप्पट घेतली तरी अशा स्वयंपाकघराला हजाराच्या आतलं यंत्र पुरतं. त्याहून मोठं घेतलं तर ते इतकं घोंघावतं की बाई ते लावतच नाही. पंधराशेची बंद चिमणी काही कामाची नाही, सातशेची चालू चिमणी धूर नेते.

खरं माप दुसरंच आहे, आणि त्याबद्दल दुकानात फारसं कोणी विचारत नाही: चिमणी शेगडीला झाकते का? धूर सरळ वर जात नाही, तो वर जाताना पसरतो. म्हणून चिमणीची रुंदी निदान शेगडीएवढी तरी हवी, दोन्ही बाजूंनी चार बोटं जास्त असेल तर फारच बरं. शेगडीच्या काठापासून काठापर्यंत टेप लावा. ६० सेंटिमीटरच्या आत भरली तर ६० ची चिमणी चालेल. तीन-चार बर्नरची, ७० च्या पुढची शेगडी असेल तर ९० ची घ्या. ‘दोन बर्नरला साठ, तीनला नव्वद’ हे पाठांतर नेहमी खरं ठरत नाही, कारण दोन बर्नरच्या काही शेगड्याही चांगल्या रुंद असतात.

रुंदीइतकीच खोलीही पाहा. ओटा दोन फूट खोल असतो आणि चिमणी बहुधा त्याहून कमी पुढे येते. आपण मात्र भाकरी थापायला, शेकायला सोयीचं म्हणून शेगडी अगदी कडेला ओढून ठेवतो. मग धूर चिमणीच्या पुढून, थेट भाकरी करणारीच्या तोंडावर येतो. परदेशातल्या चार बर्नरच्या शेगड्यांवर झालेल्या मोजण्यांतही हेच दिसलं आहे की मागच्या बर्नरचा धूर चिमणी चांगला पकडते आणि पुढच्याचा निसटतो. शेगडी भिंतीकडे चार बोटं सरकवणं हा फुकटचा आणि मोठा उपाय आहे. फक्त गॅसची नळी दबू देऊ नका.

उंची ओट्यापासून मोजायची नाही, शेगडीच्या वरच्या पातळीपासून मोजायची. ती साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात, तरी कंपनीच्या कागदावर लिहिलेलं अंतर अखेरचं माना. ‘डोक्याला लागते’ म्हणून ती हातभर वर चढवली की मोठी चिमणीही लहान होते.

आता पाइप. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडून दिलेला मी पाहिला आहे, भिंतीत भोक तेवढंच होतं म्हणून. चार इंची पाइपचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. पाइप आखूड, ताणलेला आणि कमी वळणांचा हवा. त्याचं तोंड थेट बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर काढावं, आणि त्याला झडप हवी, नाहीतर खऱ्या चिमण्या तिथं घरटं करतात. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास कमी करते. उष्णता, वाफ आणि जळलेल्या गॅसमधले वायू पुन्हा घरातच फिरतात.

‘आमच्याकडे गॅस आहे, धूर कुठं?’ असंही ऐकू येतं. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तापल्या तेलातून डोळ्यांना न दिसणारे बारीक कण उडतात. म्हणून तवा ठेवायच्या आधी चिमणी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. दार किंवा लांबची खिडकी थोडी उघडी असू द्या, कारण बाहेरून हवा आत आली नाही तर यंत्र ओढणार काय?

एक गोष्ट जिवाशी आहे. गॅस गळाल्याचा वास आला तर ‘चिमणी ओढून नेईल’ म्हणून बटण दाबू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि बटणाची एक ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि तिथून १९०६ वर फोन लावा.

अंगणातल्या चुलीला मात्र हे यंत्र लावू नका. राख आणि ज्वाळ त्याला झेपत नाही, तिथं साधं धुराडंच योग्य. आणि हात आखडता असेल तर भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फॅन आणि समोरचं उघडं दार यांनीही पुष्कळ काम भागतं. काही घेतलं तरी शेगडीची जागा ठरल्याबरोबर, टाइल्स बसायच्या आधी, गवंड्याला सांगून भिंतीत सहा इंची पाइप बसेल एवढं भोक ठेवून घ्या.