‘परवडणारा’ आरोग्य विमा मोजायचा कसा? उदाहरण वसई-विरारचं

समजा, तुमच्या संशोधन प्रस्तावाचा विषय आहे ‘वाढत्या उपनगरातील परवडणारा आरोग्य विमा’. मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारणार: परवडणारा म्हणजे काय? ‘ज्याचा हप्ता कमी तो’ असं उत्तर दिलंत, तर प्रस्ताव तिथेच अडकेल. का, ते वसई-विरारच्या उदाहरणातून बघू.

आधी आकडे कुठून आणायचे? इथली महानगरपालिका २००९ साली झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यानंतर वस्ती वाढतच गेली, पण २०२१ची जनगणना झालीच नाही. म्हणजे २०१८मध्ये नालासोपाऱ्यात भाड्याने राहायला आलेलं कुटुंब जुन्या यादीत सापडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, पण त्याचे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. पालघर जिल्हा २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला. त्यात एकीकडे लोकलने रोज मुंबई गाठणारा वसई तालुका, तर दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे. या दोघांची सरासरी ना वसईची, ना मोखाड्याची. त्यामुळे निवडलेल्या वस्तीतली घरं स्वतः मोजून नवी यादी करणं, हे तुमचं पहिलं काम.

मग प्रश्नावली. ‘तुमचा आरोग्य विमा आहे का?’ एवढंच विचारलंत तर उत्तर चुकीचं मिळू शकतं. वसई पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात काम करणाऱ्याच्या पगारातून कामगार राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे, ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. तो माणूस याला ‘विमा’ म्हणेलच असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. आता आयुष्मान भारतसोबत एकत्रितपणे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यातून मिळतं, पण ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांतच. म्हणून प्रश्न तोडून विचारा: पगारातून काय कापलं जातं? रेशनकार्ड कुठल्या राज्याचं आहे? आयुष्मान कार्ड काढलंय का? यादीतलं जवळचं रुग्णालय माहीत आहे का? हक्क असणं आणि तो वापरता येणं, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

आता खासगी पॉलिसीकडे येऊ. खालचं गणित काल्पनिक आहे, पण नियम नेहमीचे आहेत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आणि ५ टक्के सहभाग, म्हणजे को-पे, आहे. रुग्ण ४ दिवस ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला. खोलीचे झाले ३२,०००. त्यातले २०,००० मंजूर. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह वगैरेंचे ८०,००० झाले. इथे लोक फसतात: खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की हा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश, धरला जातो. मंजूर ५०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ६०,००० झाले. त्यांना ही कात्री लागत नाही. एकूण बिल १,७२,०००. मंजूर १,३०,०००, त्यातून को-पेचे ६,५०० वजा. कंपनी देणार १,२३,५००. घरच्यांनी भरायचे ४८,५००!

हे ४८,५०० जास्त की कमी? त्यासाठी संशोधनात ‘आपत्तीजनक आरोग्य खर्च’ ही संकल्पना आहे. अनेक वर्षं वापरात असलेल्या मोजपट्टीनुसार, उपचारांवर खिशातून गेलेला खर्च घरच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या वर गेला की तो आपत्तीजनक. २५ टक्के ही त्याहून वरची पायरी. आपल्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च २५,००० धरला, तर वर्षाचे ३ लाख. ४८,५०० म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त. विमा होता, दावा मंजूर झाला, तरी कुटुंब रेषा ओलांडून गेलं.

आणि एक बारकावा: या मोजपट्टीत विम्याचा हप्ता धरत नाहीत. वर्षाचा हप्ता १५,००० असेल, तर प्रत्यक्षात घरातून ६३,५०० गेले. पण फक्त हप्त्याकडे बघणाऱ्याला १५,००० दिसतात, आणि फक्त मोजपट्टीकडे बघणाऱ्याला ४८,५००. तुम्हाला दोन्ही नोंदवायचे आहेत.

वेळेचाही हिशोब ठेवा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विमा नियामकाने २०२४मध्ये त्याची कमाल मर्यादा ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. मधुमेह असलेल्या माणसाने तो जाहीर करून आज स्वस्त पॉलिसी घेतली, तरी त्या आजाराशी निगडित उपचारांसाठी तिचा उपयोग तीन वर्षांनी होऊ शकतो. तेवढा काळ तो हप्ता भरतोय आणि उपचारही खिशातून करतोय. एकाच वर्षाची माहिती घेतलीत तर हे निसटेल.

मग प्रश्न असा लिहा: ‘२०११नंतर वसई-विरारमध्ये आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांना, हाताशी असलेला विमा वापरूनही, आपत्तीजनक खर्च करावा लागला?’ यात कोण, कुठे, काय मोजायचं, सगळं आलं. ‘परवडणारा’ हा शब्द कुठेच नाही, पण उत्तर मिळेल ते त्याचंच.

फील्डवर जाताना एक लक्षात ठेवा. ज्यांना तुम्ही प्रश्न विचारणार आहात, त्यांच्यातलं कुणी नुकतंच दागिने गहाण ठेवून बिल भरून आलेलं असू शकतं. संमती नीट घ्या. कार्डाचा फोटो काढू नका. आणि कुटुंब एखाद्या योजनेत बसतंय असं दिसलं, तर मुलाखत संपल्यावर त्यांना ते जरूर सांगा.