जुनी चौकट, नवे अस्तर

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील कितीतरी जुनी व्यापारी घरे काळ्या मातीवर उभी आहेत. या मातीने कापूस दिला आणि कापसाने पेढ्या उभ्या केल्या. परंतु हीच माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाखालच्या या हालचालीने भिंत तडकते आणि सागवानी चौकट वर्षानुवर्षे कणाकणाने ओळंब्यातून सरकते. दार मात्र लागत राहते, कारण ते अडले की सुतार बोलावून फळीला थोडा रंधा मारून घेतलेला असतो. चौकट कलली आहे हे घरच्यांना उमगते, ते तिच्याशेजारी एखादी सरळ वस्तू उभी राहिल्यावर.

अशी वस्तू म्हणजे भिंतीच्या खालच्या तीन-साडेतीन फुटांवर बसवायचे लाकडी अस्तर, ज्याला आज सर्रास पॅनेलिंग म्हणतात. गादी-तक्क्यामागे भिंतीला तेलकट डाग पडतात, पोपडे सुटतात; ते झाकले जावेत आणि बैठकीस शोभा यावी, हा त्यामागचा हेतू. सारी भिंत उत्तम सजते. काम फसते ते दाराशी. चौकट गिलाव्यापासून जेमतेम १२ मिमी पुढे आलेली असते. १२ मिमीच्या पट्ट्यांवर १२ मिमीचे प्लायवूड ठोकले की अस्तर २४ मिमी होते, म्हणजे चौकटीच्या दुप्पट पुढे. त्याची उघडी कड दिसू लागते आणि खाली मिटलेली फट वर बोटभर होते.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा उपाय सर्वांत महाग असतो. तो म्हणजे चौकटीची कड तासून किंवा तिच्यावरील नक्षीची पट्टी उखडून अस्तरास जागा करणे. त्या कामास अर्धा तास लागतो, मजुरीही वाढत नाही. पण आजोबा-पणजोबांच्या काळातील पक्क्या सागाचा तोडलेला तुकडा पुन्हा जुळत नाही. नव्या लाकडाचे ठिगळ पॉलिशखालीही ओळखू येते. चौकटीस करवत लावायची नाही, हे सुतारास पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

चौकट आणि अस्तर यांच्यामध्ये दोन इंच रुंदीची सागवानी उभी पट्टी घ्यावी, अस्तराहून दोन-तीन मिमी जाड. ती चौकटीवर नव्हे, भिंतीवर स्क्रूने बसवावी आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी व वरूनही फिरवावी, म्हणजे ती दाराचाच भाग वाटते. बसवण्यापूर्वी पट्टी ओळंब्यात धरावी. जिथे फट सर्वांत मोठी, तेवढ्या जाडीचा ठोकळा घेऊन त्याला पेन्सिल टेकवावी आणि ठोकळा चौकटीच्या कडेने वरून खाली सरकवत न्यावा. चौकटीचा प्रत्येक कल, प्रत्येक खाचखळगा पट्टीवर उतरतो. त्या रेषेवर कापून मागच्या अंगाने किंचित उतार दिला, की पुढची कड चौकटीस घट्ट भिडते. दुसरी कड सरळच राहते. सारा तिरकेपणा त्या दोन इंचांत जिरतो.

सरळ कडेच्या मागे खाच पाडून अस्तराची कड तीत सरस न लावता सोडावी, आत तीनेक मिमी मोकळीक ठेवून. अस्तर भरीव लाकडाचे असेल तर ही मोकळीक अटळच. वैशाखात सुकलेली फळी आषाढात फुगणार. तिला जागा नसेल तर ती पट्टीलाच रेटते.

ओलीचा प्रश्न मात्र या सगळ्याच्या आधीचा. अस्तर ओल झाकते, थांबवत नाही. मागे कोंडलेल्या दमटपणात वाळवी लागते आणि मग जीवहिंसेचा प्रसंग घरात ओढवतो. कोरडी भिंत तो मुळातच टाळते. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून दव धरले तर भिंत अजून तयार नाही. दिवाळीपूर्वी काम उरकण्याची घाई अनेक घरांत होते, नेमक्या त्याच वेळी भिंती पावसाचे पाणी पिऊन बसलेल्या असतात. त्या वर्षीचे वहीपूजन जुन्या भिंतीसमोर करावे आणि सुतारास फाल्गुनात बोलवावे.