कोऱ्या अहवालाची दाद

गोदाकाठच्या पुणतांब्यास चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोराच कागद धाडला, ही कथा सर्वपरिचित आहे. त्या कोऱ्या कागदास निदान उत्तर तरी आले. सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल वरिष्ठांनी कोरा ठेवला, तर शिक्षा भोगावी लागते ती मात्र ज्याच्याविषयी तो लिहावयाचा त्यालाच. पदोन्नती समितीपुढे अहवाल नाही म्हणून नाव मागे राहते आणि कनिष्ठ पुढे जातो. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यास तर ही तूट आयुष्यभर सोसावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत कर्मचाऱ्याची बाजू वेळोवेळी उचलून धरली आहे. न कळविलेल्या प्रतिकूल शेऱ्यावरून बढती नाकारता येत नाही, हे १९७९ मध्ये गुरदयालसिंग फिज्जी प्रकरणात ठरले. २००८ च्या देवदत्त प्रकरणात त्याच्याही पुढचे पाऊल पडले. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या अभियंत्याची बढती एका वर्षाच्या केवळ ‘चांगला’ या शेऱ्याने अडली होती. तो त्यांना कळविण्यातच आला नव्हता. शेरा अनुकूल असो वा प्रतिकूल, तो वाजवी मुदतीत कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. देवदत्त तोवर निवृत्त झाले होते, तरी शेरा सुधारल्यास पूर्वलक्षी बढतीचा विचार करण्याचा आदेश झाला. २०१३ मध्ये सुखदेवसिंग प्रकरणात त्रिसदस्य पीठाने याच मतावर शिक्कामोर्तब केले.

अर्थात जे लिहिलेच नाही ते कळविणार कसे? येथे महाराष्ट्राचा २००५ चा दप्तर दिरंगाईविरोधी कायदा आठवतो. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. सामान्यतः कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ अडकू नये आणि हेतुपुरस्सर विलंबास शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे तो सांगतो. परंतु अहवाल न लिहिल्याबद्दल कोणा अधिकाऱ्यावर अशी कारवाई झाल्याचे वाचकांपैकी कितीजणांनी ऐकले असेल?

मुदतीचे काटे फिरतात ते कर्मचाऱ्यावरच. त्याने प्रथम लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास पुढील एका वर्षात प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे. या जिल्ह्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे. आपला भिडस्त कारकून येथेच फसतो. साहेबांना दुखवू नये म्हणून तो वर्षानुवर्षे स्मरणपत्रे पाठवीत राहतो. परंतु अशा स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, हे १९८९ च्या राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. न्यायाधिकरण अहवाल स्वतः लिहीत नाही. तो ठरावीक दिवसांत लिहावा आणि बढतीचा फेरविचार करावा, एवढे मात्र ते बजावू शकते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे दारही नाही. त्यांना थेट उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो, आणि तेथील वकिलाची फी प्राथमिक शिक्षकाच्या पगारातूनच जावयाची असते.