सरकारी नोकरांची ऑनलाइन पाहणी

सुरतेत समाजशास्त्रीय पाहणीची परंपरा जुनी आहे. प्रा. आय. पी. देसाई यांनी ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेची पाहणी गावोगाव केली. तिचा ग्रंथ १९७६ साली निघाला. मी मात्र तेथील एका केंद्रीय कार्यालयातील नोकरांना मोबाइलवरच प्रश्नावली धाडली. लिंक साहेबांच्या हातून गेली आणि सारेच समाधानी निघाले! कारण उघड आहे. १९६४ चे वर्तणूक नियम केंद्रीय नोकरांना सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. उत्तर गुप्त राहील, असा भरवसा त्यांना कोणी दिला होता? शिवाय शिपायांपर्यंत लिंक पोचलीच नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, नाव व फोन नंबर विचारू नये, लिंक स्वतः द्यावी. किती जणांनी उत्तर दिले नाही, हे न सांगता काढलेला निष्कर्ष अपुराच म्हणावा लागेल.